बाळंतपणाची तारीख : तिथी, दिनांक आणि नोंद



घरात सून गरोदर असल्याचे कळताच आजी बोटांच्या पेरांवर महिने मोजू लागते. ‘नऊ महिने नऊ दिवस’ हे आपल्याकडील परंपरागत माप आहे आणि ते फारसे चुकीचेही नाही. तथापि हे माप कोठून मोजावयाचे आणि कोणत्या महिन्यांनी मोजावयाचे, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज त्याचा उपयोग होत नाही. पहिला प्रश्न सर्वत्र सारखाच आहे. दुसरा प्रश्न मात्र इंदूर, देवास, उज्जैन, ग्वाल्हेर अशा ठिकाणी पिढ्यानपिढ्या स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढे अगदी निराळ्या रूपाने उभा राहतो. त्यातून बाळंतपणाच्या तारखेत एक-दोन दिवसांची नव्हे, तर अखंड एका महिन्याची चूक होऊ शकते. आरोग्यसेविका, शिक्षक व ग्रामपंचायतीचे कारभारी यांनी ही गोष्ट समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम मोजणीच्या प्रारंभाविषयी. वैद्यकशास्त्र गर्भारपणाचे दिवस शेवटच्या मासिक पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरते. प्रत्यक्ष गर्भधारणा त्यानंतर साधारणपणे दोन आठवड्यांनी होते. म्हणजे ज्या दोन आठवड्यांत गर्भ अस्तित्वातच नव्हता तेही हिशेबात येतात. ही रीत प्रथमदर्शनी विचित्र वाटते, पण तिचे कारण साधे आहे. गर्भधारणेचा क्षण कोणाला दिसत नाही; पाळीचा दिवस मात्र स्त्रीला निश्चित ठाऊक असतो. या रीतीमुळे, पाळी चुकल्याचे ज्या दिवशी लक्षात येते त्या दिवशीच गर्भारपणाचे चार आठवडे पुरे झालेले असतात. ही गोष्ट न कळल्यामुळे काही घरांत नको ते प्रसंग उद्भवतात. लग्नाला जेमतेम महिना झालेला असतो, डॉक्टर ‘सहा आठवडे झाले’ असे सांगतात, आणि मंडळी सुनेकडे संशयाने पाहू लागतात. तिच्याकडे काडीचाही दोष नसतो. सहा आठवड्यांतील पहिले दोन केवळ कागदावरचे आहेत, एवढेच तेथे समजावून सांगावयाचे असते.

या पहिल्या दिवसापासून सरासरी २८० दिवसांनी, म्हणजे चाळीस आठवड्यांनी, प्रसूती अपेक्षित असते. तारीख काढण्याची जी सोपी रीत आज सर्व दवाखान्यांत वापरण्यात येते ती जर्मनीतील हायडेलबर्ग येथील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक फ्रान्झ कार्ल नेगेले (१७७८-१८५१) यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. नेगेले यांनी स्वतः तिचे श्रेय हॉलंडमधील लायडन येथील बोअरहावे या पूर्वसूरींना दिले होते. पाळीच्या पहिल्या दिवसाच्या दिनांकात सात दिवस मिळवावेत आणि तीन महिने मागे जावे, की पुढील येणारी ती तारीख प्रसूतीची. पाळी २७ ऑगस्टला आली असेल तर सात दिवस मिळवून ३ सप्टेंबर आणि तीन महिने मागे जाऊन ३ जून. चौथी-पाचवीतील मुलालाही हा हिशेब करता येईल. महिने कधी तीस दिवसांचे, कधी एकतीस दिवसांचे असल्याने दोन-तीन दिवसांचा फरक राहतो. व्यवहारात त्याचे महत्त्व नाही.

हा नियम अठ्ठावीस दिवसांनी नियमित पाळी येणाऱ्या स्त्रीसाठी आहे, हे मात्र विसरता कामा नये. जिची पाळी पस्तीस दिवसांनी येते तिची गर्भधारणा सुमारे आठवडाभर उशिरा होते, तेव्हा तारीख सात दिवस पुढे धरावी लागते. पंचवीस दिवसांनी येत असल्यास तीन दिवस अलीकडे. म्हणून आरोग्यसेविकेने केवळ ‘पाळी कधी आली होती?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘किती दिवसांनी येते?’ हेही विचारावे.

आता ‘नऊ महिने नऊ दिवस’ या मापाकडे वळू. पाळीच्या दिवसापासून इंग्रजी महिन्यांनी नऊ महिने नऊ दिवस मोजले तर २८२ ते २८५ दिवस होतात, म्हणजे नेगेले यांच्या नियमाहून दोनच दिवस अधिक. पण आपल्या आज्या-पणज्या इंग्रजी महिने मोजत नव्हत्या. त्यांचा महिना चंद्राचा, साडेएकोणतीस दिवसांचा. त्या मापाने नऊ महिने नऊ दिवस म्हणजे सुमारे २७५ दिवस. पाच दिवसांची तूट येते, पण ठोकताळा म्हणून ते वाईट नाही. ज्या घरांत अजूनही तिथीनेच हिशेब ठेवतात त्यांच्यासाठी याहून बिनचूक रीत आहे. साडेनऊ चांद्रमासांचे २८० दिवस भरतात. म्हणून पाळीच्या तिथीपासून नऊ महिने मोजावेत आणि आणखी एक पंधरवडा मिळवावा. तिथी तीच राहते, पक्ष बदलतो. चैत्र शुद्ध पंचमीला पाळी आली असल्यास पौष वद्य पंचमी ही अपेक्षित तिथी होय. मध्ये अधिक महिना आल्यास तो धरून नऊ मोजावेत. गर्भ धोंड्याचा महिना वगळीत नाही.

येथपर्यंत तिथीचा हिशेब दिनांकाच्या हिशेबाइतकाच सरळ आहे. अडचण येते ती महिन्याच्या नावात.

महाराष्ट्र, गोमंतक, कर्नाटक, आंध्र, तेलंगण व गुजरात येथे महिना अमावास्येस संपतो. प्रथम शुद्ध पक्ष, नंतर वद्य. यास अमान्त पद्धती म्हणतात. उत्तर हिंदुस्थानात, म्हणजे मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, राजस्थान, बिहार येथे महिना पौर्णिमेस संपतो. तेथे प्रथम कृष्ण पक्ष येतो आणि नंतर शुक्ल. ही पूर्णिमान्त पद्धती. शुद्ध पक्षात दोन्हीकडे महिन्याचे नाव एकच असते. वद्य पक्षात मात्र आपण ज्याला श्रावण म्हणतो त्यालाच माळव्यातील शेजारी भाद्रपद म्हणतो. श्रीकृष्णजन्म आपल्या पंचांगात श्रावण वद्य अष्टमीला, त्यांच्या पंचांगात भादों बदी अष्टमीला. दिवस एकच, रात्र एकच, पाळणाही एकच; नाव निराळे.

सणाच्या बाबतीत यामुळे काही बिघडत नाही, कारण सण सर्वजण एकाच दिवशी साजरा करतात. पाळीच्या नोंदीत मात्र बिघडते. इंदूरचेच उदाहरण घेऊ, कारण तेथील रंगपंचमी व तिची गेर सर्वांच्या परिचयाची आहे. २०२५ मध्ये रंगपंचमी १९ मार्चला होती. आपल्या पंचांगाप्रमाणे ती फाल्गुन वद्य पंचमी. समजा, एका मराठी घरातील सुनेची शेवटची पाळी त्या दिवशी आली. पुढे नाव नोंदविताना सासूबाईंनी आठवून सांगितले, ‘फाल्गुन वद्य पंचमी.’ समोरच्या हिंदी भाषी सेविकेने भिंतीवरील आपल्या पंचांगात फाल्गुन कृष्ण पंचमी पाहिली. ती होती १७ फेब्रुवारीला. दोघींपैकी कोणी खोटे बोलले नाही, कोणी निष्काळजीपणाही केला नाही. तरी पुस्तकात दिनांक तीस दिवस आधीचा पडला. खरी अपेक्षित तारीख २६ डिसेंबर, लिहिली गेली २४ नोव्हेंबर.

यात काय बिघडले, असे कोणी विचारील. बाळ आपल्या वेळी यायचे ते येईलच. पण आज दवाखाना त्या कागदाकडे पाहून निर्णय घेतो, हे ध्यानी घेतले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार एक्केचाळीस आठवडे निश्चितपणे पूर्ण झालेल्या स्त्रीस औषधाने कळा आणण्याचा विचार करावयाचा असतो, कारण त्यापुढे वारेची क्षमता घटू लागते आणि बाळाला धोका संभवतो. वरील उदाहरणात कागदावरचे एक्केचाळीस आठवडे १ डिसेंबरला भरतात. त्या दिवशी बाळाचे खरे वय होते छत्तीस आठवडे पाच दिवस. सदतीस पूर्ण आठवड्यांच्या आत जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे गणले जाते. अशा बाळास श्वास घेणे, अंगावर ओढणे, शरीराची ऊब राखणे या सर्वच गोष्टी जड जाण्याचा संभव असतो. जे बाळ आईच्या पोटात सुखरूप होते त्याला केवळ एका पक्षाच्या नावापायी तीन-चार आठवडे आधी बाहेर काढले जाण्याची ही शक्यता आहे.

उलट दिशेची चूकही तितकीच घातक आहे. सून हिंदी भाषी घरातील आणि नोंद घेणारी सेविका मराठी असेल, तर दिनांक एक महिना पुढे पडतो. मग एक्केचाळीस आठवडे होऊन गेलेल्या स्त्रीला ‘अजून महिना आहे’ असे सांगून घरी पाठविले जाते. तसेच, दिवस भरण्यापूर्वी कळा सुरू झाल्या तर बाळाच्या फुप्फुसांना बळ यावे म्हणून चोवीस ते चौतीस आठवड्यांच्या दरम्यान आईला विशिष्ट इंजेक्शने देण्यात येतात. गर्भाचे वय खात्रीने ठाऊक असावे, ही त्या उपचाराची एक मुख्य अट जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये घालून दिली. आठवडेच चुकलेले असतील तर ज्याला हवे त्याला ते औषध मिळत नाही आणि ज्याला नको त्याच्या आईला टोचले जाते.

ही चूक सहसा उघडकीस येत नाही, याचेही एक कारण आहे. निम्म्या पाळ्या शुद्ध पक्षात येतात व त्यांच्या नोंदी बिनचूक उतरतात. त्यामुळे पद्धतीत काही दोष आहे अशी शंकाच कोणाला येत नाही. वद्य पक्षातील एखाद्या सुनेचे बाळंतपण महिनाभर ‘लांबले’, की ‘पहिलटकरणीचे असेच असते’ म्हणून गोष्ट सोडून दिली जाते.

गोमंतकात, बेळगावकडे, हैदराबादेत किंवा वडोदऱ्यात हा घोटाळा उद्भवू नये. कानडी, तेलुगू व गुजराती मंडळींचा महिना आपल्यासारखाच अमावास्येस संपतो. गुजरातेत वर्षारंभ कार्तिकात होतो एवढाच फरक, महिन्यांची नावे जुळतात. पण मुलींची लग्ने दूर होतात. बेळगावची मुलगी ग्वाल्हेरला दिली जाते आणि पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यात माहेरी परत येते. तिच्याबरोबर तिथीही प्रवास करते.

यावर उपाय अगदी साधा आहे. नोंद घेताना तिथी कोणी सांगितली तर ती ऐकून घ्यावी, पण तेवढ्यावर थांबू नये. ‘रंगपंचमीच्या आधी की नंतर? किती दिवसांनी?’ असे सणाच्या नावाने विचारावे, कारण सण दोन्ही पंचांगांत एकाच दिवशी येतो. सण आठवत नसेल तर गावचा बाजार, जत्रा, शाळेची परीक्षा, पगाराचा दिवस, घरातील लग्न यांपैकी काही ना काही आठवतेच. येथे शिक्षकांचे साहाय्य मोलाचे ठरते. परीक्षा कधी संपली, सुट्टी कधी लागली, हे शाळेच्या दप्तरात लिहिलेलेच असते. गोमंतकातील ख्रिस्ती भगिनी सांजांवच्या किंवा सेंट झेवियरच्या फेस्ताच्या संदर्भाने सांगतील. २४ जून व ३ डिसेंबर या तारखा ठरलेल्या असल्याने काम सोपे होते. मुसलमान भगिनी रमजान अथवा मोहरमचा उल्लेख करतील तेव्हा ते वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असते व सण दरवर्षी मागे सरकतो, हे लक्षात ठेवून त्याच वर्षीची दिनदर्शिका पाहावी. अधिक महिन्याच्या वर्षी विशेष सावधगिरी बाळगावी. २०२६ सालचा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा असून त्यापुढे निज ज्येष्ठ आहे. नुसती ‘ज्येष्ठ शुद्ध पंचमी’ म्हटल्यास त्या वर्षी तशा दोन निघतात.

सर्वांत उत्तम हे, की आठवण्याची वेळच येऊ नये. भिंतीवरील दिनदर्शिकेत दूधवाल्याचे रतीब लिहिले जातात, गॅसची टाकी कधी लावली ते लिहिले जाते. त्याच चौकटीत सुनेने किंवा मुलीने दर महिन्यास एक बारीक फुली केली तर कोणाला कळणारही नाही आणि पुढील सर्व प्रश्न मिटतील. या विषयाची लाज बाळगण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत.

काही स्त्रियांना मात्र पाळीचा दिवस खरोखरच सांगता येत नाही. अंगावर पाजत असताना, पाळी पुन्हा सुरू होण्यापूर्वीच दुसऱ्यांदा दिवस राहिले, तर मोजावयाचे कोठून? काहींना गर्भ रुजताना हलकासा डाग जातो. तीच पाळी समजली गेली, की पुन्हा सुमारे महिन्याची चूक. गर्भनिरोधक गोळ्या नुकत्याच थांबविलेल्या असतील तरीही हिशेब डळमळतो. अशा वेळी पूर्वीच्या सुईणी पोटावर हात ठेवून अंदाज करीत, आणि त्यांचा अंदाज निराधार नसे. बाराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाशय ओटीपोटाच्या हाडाच्या वर हाताला लागू लागते, विसाव्याच्या आसपास बेंबीपाशी येते, छत्तिसाव्यात छातीच्या पिंजऱ्याच्या टोकापर्यंत पोहोचते आणि त्यानंतर बाळाचे डोके खाली उतरल्याने किंचित खाली येते. बाळाची पहिली हालचाल पहिलटकरणीस बहुधा अठराव्या ते विसाव्या आठवड्यात जाणवते. पूर्वी बाळंत झालेलीस दोन आठवडे आधी. पण जुळी असली, पोटात पाणी अधिक असले, आई स्थूल किंवा फार कृश असली, तर हे अंदाज फसतात.

यास्तव सोनोग्राफी लवकर करून घेणे हिताचे. गर्भावस्थेत ध्वनिलहरींचा उपयोग करण्याचे कार्य ग्लासगो येथे डॉ. इयान डोनाल्ड यांनी केले. त्यांचा प्रसिद्ध निबंध १९५८ मधील आहे. तेथीलच डॉ. ह्यू रॉबिन्सन यांनी १९७३ मध्ये गर्भाची डोक्यापासून बैठकीपर्यंतची लांबी मोजून वय ठरविता येते हे दाखविले. पहिल्या तीन महिन्यांत सर्व गर्भ जवळजवळ एकाच गतीने वाढतात. म्हणून त्या काळातील तपासणीत पाच-सात दिवसांपेक्षा अधिक फरक पडत नाही. पुढे आई-बापाची ठेवण, आईचा आहार, आजार यांप्रमाणे कोणी थोराड होते, कोणी बारीक. आणि शेवटच्या तिमाहीत हाच फरक तीन आठवड्यांपर्यंत जाऊ शकतो. नवव्या महिन्यात प्रथमच सोनोग्राफी करून ‘मशीनने तारीख सांगितली’ असे मानणे त्यामुळे योग्य नव्हे. लवकरच्या तपासणीने एकदा निश्चित झालेली तारीख नंतरच्या तपासणीवरून बदलू नये, हाही नियम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये चोविसाव्या आठवड्यापूर्वी एक तपासणी व्हावी अशी शिफारस केली, ती प्रामुख्याने याचसाठी.

उशिराच्या तपासणीत वापरली जाणारी सूत्रे पाश्चात्त्य देशांतील गर्भांच्या मापांवर आधारलेली आहेत, ही आणखी एक मर्यादा. मद्रासची भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि फरीदाबाद येथील एक केंद्रीय संशोधन संस्था यांनी गुरुग्रामच्या नागरी रुग्णालयातील गर्भवतींच्या माहितीवरून भारतीय स्त्रियांसाठी निराळे सूत्र तयार करून २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. उशिरा नाव नोंदविणाऱ्या आपल्याकडील अनेक भगिनींना अशा सूत्राचा उपयोग होण्यासारखा आहे. सोनोग्राफीच्या खोलीत मुलगा की मुलगी हे विचारणे व सांगणे हा १९९४ च्या कायद्यान्वये गुन्हा आहे, हे येथे निक्षून सांगणे आवश्यक आहे. तेथे विचारावयाचा प्रश्न एकच, ‘किती आठवडे?’

इतके करूनही तारीख हाती येते ती अंदाजाचीच. नेमक्या त्या दिवशी जन्मणारी बाळे शंभरात चार-पाच. बहुसंख्य बाळे तिच्या मागेपुढे दोन आठवड्यांत येतात. तारीख उलटली म्हणून घरच्यांनी घाबरून जाऊ नये, परंतु तपासणीस जाण्यात दिरंगाईही करू नये. सदतीस आठवडे भरण्यापूर्वी कळा, पाणी जाणे अथवा रक्तस्राव झाल्यास, किंवा केव्हाही बाळाची हालचाल मंदावल्यास, तारखेचा विचार न करता तत्काळ रुग्णालय गाठावे.

कार्यालयांतील अधिकाऱ्यांचाही या तारखेशी संबंध येतो. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची रजा ठरली आणि तीपैकी प्रसूतीपूर्वी घ्यावयाचा भाग अपेक्षित तारखेपासून मागे आठ आठवड्यांपर्यंत मर्यादित झाला. तारीख महिन्याने अलीकडे लिहिली गेली, तर प्रसूतीपूर्वीची रजा खरे दिवस भरण्याच्या कितीतरी आधीच संपून जाते. ‘प्रमाणपत्रातील तारीख चुकली होती’ म्हणून दुसरे प्रमाणपत्र आणणाऱ्या शिक्षिकेकडे मुख्याध्यापकांनी संशयाने पाहण्याचे कारण नाही. पहिली तपासणी केव्हाची, एवढे पाहावे. लवकरची असेल ती अधिक विश्वासार्ह.

२०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी रुग्णालयांत गर्भवतींची विनामूल्य तपासणी होत आली आहे. त्या वेळी माता व बालकाचे कार्ड बरोबर न्यावे. कार्डावर पाळीचा दिनांक आणि अपेक्षित प्रसूतीचा दिनांक अशा दोन जागा असतात. दोन्ही इंग्रजी दिनांकांत भरलेल्या आहेत ना, हे घरातील वाचता येणाऱ्या व्यक्तीने पाहून घ्यावे आणि नेगेले यांचा हिशेब एकदा स्वतः करून ताडून पाहावा. दोहोंत महिनाभराची तफावत दिसली किंवा दिनांकाऐवजी तिथी लिहिलेली आढळली, तर त्याच दिवशी सेविकेस भेटून दुरुस्ती करून घ्यावी. डोहाळजेवण आटोपून मुलगी माहेरी निघते तेव्हा साडी, फराळ, ओटीचे सामान सर्व काही पिशवीत आठवणीने भरले जाते. ते कार्ड आणि पहिल्या सोनोग्राफीचा कागद मात्र पुष्कळदा सासरच्या कपाटातच राहून जातो. माहेरच्या गावी मग नव्याने नोंद होते, आजीला पुन्हा तिथी विचारली जाते, आणि ती आपल्या पंचांगाने सांगते.